बाथरूमचा उंबरा

१२ जानेवारी, रविवार

फरशी पुन्हा मीच उखडली! परवाच बसवलेली. बादलीभर पाणी ओतून बघितलं, तर पाणी जाळीकडं जायचं सोडून कमोडच्या मागं कोपऱ्यात जाऊन बसलं. पाणसळ लावली होती की मी! बुडबुडा अगदी मधोमध होता. मधोमधच तर नको होता — उताराला तो सरकलेला पाहिजे, हे फरशी पक्की झाल्यावर सुचलं. मोबाइलवरच्या व्हिडिओत तो पोरगा किती सहज करतो. हसतो काय, बोलतो काय. माझ्या नखांत सिमेंट आणि गुडघे सुजलेले.

शेजारचा हरिबा कुंपणापलीकडनं बघत होता. मिलिटरीतनं रिटायर झाल्यापासून त्याला दुसरा उद्योग नाही. "आप्पासो, तुजं काम सोनं वितळायचं, गड्या. ह्यात कशाला हात घालतूस? मिस्त्री बोलाव की!"

बोलावला होता. ड्रेनेजची लाइन तेवढी जोडली आणि दुसऱ्या साइटवर गेला तो गेलाच. आता फोन उचलत नाही. त्याची वाट बघत बसलो तर माझी माला लेकीकडनं घरी कवा यायची?

१३ जानेवारी, सोमवार

भोगी. हरिबाच्या घरनं तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणि लेकुरवाळी भाजी आली. दोन घास खाल्ले, झाकून ठेवली. ह्या घरात मालाशिवायची ही पहिली भोगी.

१५ जानेवारी, बुधवार

सांगलीला लेकीकडं व्हिडिओ कॉल. मालाची वेणी राजनंदिनीनं घातली होती. लहानपणी माला तिची घालायची तशीच, घट्ट. माला माझ्याकडं बघत होती का मोबाइलच्या कडेकडं, कळलं नाही.

दसऱ्याच्या आधी तिचं उजवं अंग गेलं. बोलणंही गेलं. राहिले दोन शब्द — व्हय आणि न्हाई. तेव्हापासून लेकीच्या फ्लॅटवर आहे. लेक काही कमी करत नाही, जावई जयराजही भला आहे. व्यायाम घ्यायला येणारी बाई म्हणते, डाव्या पायावर उभ्या राहतात, पण उजवा पाय उचलतच नाहीत, नुसता ओढतात. पाय उचलायचं विसरलाय.

राजनंदिनीनं माझ्यादेखत विचारलं, "आई, इथंच राहू या का आता?"

"न्हाई."

"विट्याला जायचं?"

"व्हय." डावा हातसुद्धा हलवला!

मग लेक मला म्हणाली, "आण्णा, हे बघा, बाथरूम नीट झालं तरच पाठवीन. चाकाची खुर्ची थेट आतपर्यंत गेली पाहिजे. नाहीतर घराला कुलूप लावून तुम्हीच इकडं या."

लेकीच्या घरी जाऊन राहू? आणि मालाचं 'व्हय' कुठं ठेवू?

संडास परसात. तिथवर तीन पायऱ्या. म्हणून झोपायच्या खोलीला लागून असलेली धान्याची खोली मोकळी केली आणि हा घाट घातला. घर पाहावं बांधून म्हणतात. मी म्हणतो, एक बाथरूम पाहावं बांधून.

१९ जानेवारी, रविवार

फरशी बसली. पाणी जाळीत गेलं. तीनदा ओतून बघितलं, विश्वास बसेना.

धरायचा स्टीलचा दांडाही भिंतीला ठोकला. ड्रिलनं हात बधिर झाला, पण दांडा असा पक्का बसला की मी स्वतः त्याला लोंबकळून बघितलं. फोटो काढून राजनंदिनीला पाठवला. लगेच फोन. "आण्णा, आत शिरताना हा उजव्या हाताला येतो."

"मग?"

"आईचा कुठला हात चालतो?"

बायकोचा कुठला हात गेलाय हे मला माहीत नाही? माहीत आहे की! भिंतीपुढं उभं राहिल्यावर माझा उजवा हात पुढं झाला आणि मी ठोकला दांडा.

२१ जानेवारी, मंगळवार

दांडा डावीकडं घेतला. उजव्या भिंतीवर चार भोकं राहिली. आत गेलो की आधी तीच दिसतात.

२६ जानेवारी, रविवार

झालं! हरिबा सकाळी शाळेत झेंडावंदनाला गेला होता, येताना जिलेबी आणली. दोघांनी नव्या बाथरूमच्या दारात उभं राहून खाल्ली.

शेवटचं काम म्हणून दाराला काळ्या कडाप्प्याचा उंबरा बसवला. चांगला चार बोटं उंच. कडा पॉलिश पेपरनं घासून गोल केल्या. थेंबभर पाणी बाहेर येणार नाही. हरिबा म्हणाला, "लय झ्याक!" मलाही वाटलं, एवढं एक काम तरी हाताला जमलं. राजनंदिनीला कळवलं, पुढच्या रविवारी येऊन बघ.

२ फेब्रुवारी, रविवार

राजनंदिनी एकटीच आली. गाडीतनं रिकामी खुर्ची आणली. झोपायच्या खोलीतनं ढकलत बाथरूमच्या दारापर्यंत नेली. टक्! पुढची चाकं अडली. मागं घेऊन परत ढकलली. टक्!

"आण्णा, हा उंबरा कुणी बसवला?"

"मीच."

तिनं रिकाम्या खुर्चीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. "तुम्ही हे आईसाठी बांधलंय का दुकानासाठी वो?"

एवढंच. ओरडली असती तर बरं झालं असतं. चहासुद्धा न घेता गेली. गाडीत बसताना डोळे पुसत होती. म्हणाली, आई तिकडंच राहू दे आता, तुम्हीही जिवाला लावून घेऊ नका.

३ फेब्रुवारी, सोमवार

आंघोळ नाही. स्वयंपाक नाही.

५ फेब्रुवारी, बुधवार

हा उंबरा कुठनं आला ते आता कळतंय. मी बसवायचं ठरवलंच नव्हतं. हातानं बसवला.

सारी उमर मदुराईला गलाईच्या दुकानात गेली. जुनं सोनं वितळवायचं, शुद्ध करायचं. तिथं कण बाहेर जाऊ द्यायचा नाही. झाडलेला केर फेकायचा नाही — त्यातनंही सोनं निघतं. हात धुतलेलं पाणीसुद्धा साठवायचं. म्हणून दुकानाच्या दाराला उंच उंबरा. मालक म्हणायचे, उंबरा नाही तर धंदा नाही. मग माझं स्वतःचं दुकान झालं, तिथं पहिला मी उंबराच बसवला. ते हाडात मुरलंय. बायकोच्या खुर्चीला वाट करायला बसलो आणि धुळीला आडकाठी करून उठलो! हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

त्या उंबऱ्याला येणारा जाणारा अडखळायचा. सराफ अडखळायचे, पोस्टमन अडखळायचा. एक माला नाही. वरच्या खोलीतनं डबा घेऊन यायची — एका हातात डबा, एका हातात पदर — आणि खाली न बघता उजवा पाय उचलून आत. मी चिडवायचो, काय रोज नवी नवरी आल्यासारखी येतेस? तर म्हणायची, "आवं, लक्ष्मीच्या दुकानात डावा पाय टाकू व्हय?"

आता एवढं लांब वाक्य ती कधी बोलायची नाही. माझ्याशी तर नाहीच.

हरिबा येऊन ओरडून गेला. "फोड की रं ते! दोन घावाचं काम. असा मेल्यावानी काय बसलाईस?"

कुणासाठी फोडू?

६ फेब्रुवारी, गुरुवार

फोडला. रागानं फोडला. छन्नी सटकली आणि दारातल्या दोन फरश्याही गेल्या. नव्या आणायला उठवेना. नुसतं सिमेंट भरून थापीनं सारखं केलं. एवढ्या पांढऱ्या फरशीत खरूज झाल्यासारखं दिसतंय. पण सपाट झालं.

राजनंदिनीला कळवलं नाही. कितीदा सांगायचं, आता झालं, आता झालं? माझ्या कामावर माझाच भरवसा उरला नाही.

भांड्याच्या फळीवर मालाची हळदीची डबी दिसली. तशीच बसलो आणि रडलो. घरात कुणी नाही, त्यामुळं चांगलं मोठ्यानं रडलो.

८ फेब्रुवारी, शनिवार

राजनंदिनीचा फोन. उद्या मालाला औंधला यमाईच्या दर्शनाला नेणार आहेत. वाटेत आपल्या घरी थोडा वेळ थांबतील — आईला बाथरूमला जावं लागेल म्हणून. तेवढ्यापुरतंच. "खुर्ची दारापर्यंत नेऊ, पुढं जयराज उचलून घेतील," म्हणाली.

मी म्हटलं, या. उंबरा काढलाय हे सांगायला तोंड उघडलं, पण शब्दच आला नाही. आमच्या घरात आता माझंही बोलणं जायची वेळ आली.

मालाच्या नऊवारीचं गाठोडं ज्यात आहे ते कपाट मी पुसून घेतलं. कशाला, मलाच माहीत नाही. अर्धा तास थांबणार आणि जाणार.

९ फेब्रुवारी, रविवार

खुर्ची बाथरूमच्या दाराशी आणली. जयराज ठरल्याप्रमाणं उचलायला वाकला, तर माला म्हणाली, "न्हाई." डाव्या हातानं दांडा धरला आणि उभी राहिली. जयराजनं काखेत धरलं. तिनं खाली बघितलंच नाही. उजवा पाय उचलला — चांगला चार बोटं वर! — आणि नसलेल्या उंबऱ्यावरनं आत टाकला.

राजनंदिनी मटकन पलंगावर बसली.

औंधला आज कुणी गेलं नाही. उद्या जाऊ म्हणतात, इथनंच.