उपासाला चालणारी गोळी

भिसेगाव, कर्जत

प्रिय ताई,

तुला पत्र लिहायची ही काय तऱ्हा, असं म्हणशील. होतीस तेव्हा कधी चार ओळी लिहिल्या नाहीत. एसटीने कळंबला यायचं, तुझ्याशी पोटभर भांडायचं आणि परत भिसेगावला यायचं, एवढाच आपला पत्रव्यवहार. पण परवा घट बसायचेत, आणि तुझ्या लेकीने, नंदाने, नऊ दिवसांचा कडक उपास धरायचं ठरवलंय. तिलाही साखरेचा आजार निघालाय गं. तुझ्यासारखाच. घरात काही बोलायला गेले की हे म्हणतात, "शालू, तू गप बस." गप बसवत नाही, म्हणून तुला लिहितेय.

तुझी नंदा आता लग्नाची झाली. बालवाडीत शिकवते. अंगाने थेट तुझ्यावर गेलीय, आणि तेच आमचं दुखणं होऊन बसलंय. दोन ठिकाणची माणसं पोहे खाऊन गेली आणि मुलगी जाड म्हणून कळवून मोकळी झाली. तू असतीस तर त्यांना चांगलं सुनावलं असतंस! तू स्वतःलाच कुठे सोडायचीस? माथेरानला गेलो होतो तेव्हा घोडेवाल्याला म्हणालीस, "मला नको बसवू रं बाबा, तुजा घोडा उद्या रजा मागंल." तो घोडेवाला हसून खाली बसला होता.

मग तुला साखर निघाली. कर्जतच्या डॉक्टरांनी निळ्या औषधात लघवी उकळून तुला तो विटकरी रंग दाखवला, साखरेची गोळी दिली आणि वजन उतरवायला सांगितलं. वजन उतरवायचं कसं, हे मात्र तू सुलूवन्संकडून शिकलीस. तुझी ही नणंद दादरची, तिला सगळं ठाऊक! तिने बारीक व्हायच्या गोळ्या आणून दिल्या. भूकच लागत नाही म्हणे. खरंच लागेना. महिन्या-दोन महिन्यांत तुझ्या हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत चढायला लागल्या, आणि तू लहान मुलीसारखी त्या वरखाली करून मला दाखवत होतीस.

पण तोंडाला कोरड पडायची, रात्र रात्र डोळा लागायचा नाही, छातीत धडधडायचं, हे तू मला हसत हसत सांगितलंस आणि डॉक्टरांना सांगितलंच नाहीस. का गं? ते ओरडतील म्हणून? की गोळी बंद करतील म्हणून? मी विचारलं तेव्हा म्हणालीस, "त्यांची गोळी साखरेची, वन्संची गोळी वजनाची. दोगींचं काय भांडाण हाय?" तुझ्या त्या बोलण्यावर मला आजही राग येतो.

त्या वर्षीचं नवरात्र मी पाहिलं नाही. मला सुतक होतं. नंतर मात्र ते मी इतक्यांदा ऐकलंय, की माझ्याच डोळ्यांदेखत झाल्यासारखं वाटतं. तू पहिल्या माळेपासून काही खाल्लं नव्हतंस, नुसता बिनसाखरेचा चहा. गोळ्या मात्र दोन्ही वेळेवर घेत होतीस. शेजारच्या काकीने विचारलं तर तिलाच शहाणपण शिकवलंस. "उपासाला गोळी चालते काकी. ती काय अन्न हाय?"

आणि एका संध्याकाळी आरतीला उभी असताना तू थरथरायला लागलीस. चोळी घामाने भिजली. केस सुटले, डोळे फिरले, समोरचं ताट तू उडवून दिलंस. नंदाला, पोटच्या पोरीला, ओळखेनास. बायका ओरडल्या, "आली गं, आली! चंद्रावैनीच्या अंगात आली!" तुझ्या कपाळी मळवट भरला. कुणी मुलाच्या नोकरीचं विचारलं, कुणी हरवलेल्या म्हशीचं. तू नुसतं म्हणत होतीस, "दे गं... दे... दे कायतरी." देवी मागतेय म्हणून त्यांनी तुझी ओटी भरली. खण, नारळ, तांदूळ, सगळं पदरात घातलं. तोंडात घासभर काही कुणी घातलं नाही.

मग तू खाली कोसळलीस. देवी शांत झाली म्हणाले. तुला शाल पांघरली आणि हात लावू नका म्हणून सगळ्यांना बाजूला केलं. सकाळी भावजी उठवायला गेले तेव्हा तुझं अंग थंड पडलं होतं.

मी आले ती छाती पिटत. आणि तिथे बायका माझ्या पाया पडत होत्या गं! "रडू नको, देवीनं नेलं तिला." मीही तेच धरून बसले. दुसरं काय धरणार होते? तू पडलीस तिथे आता ओटा बांधलाय, शेंदूर लावलेला देवीचा तांदळा बसवलाय. शाळेत नंदाला कुणी मारायचं नाही, देवीची पोर म्हणून. मी कळंबला राहायला आले की रात्री आई हवी म्हणून रडायची, तेव्हा मी तिला त्या ओट्याशी नेऊन बसवायची. तेवढीच तिला तू मिळायचीस.

आता ऐक. श्रावणातल्या सोमवारी नंदा माझ्याकडे आली होती. निरंकार उपास. दुपारी वाती वळता वळता तिचा हात थरथरायला लागला. कपाळावर घाम, नजर भलतीकडे, आणि मला म्हणते, "तू कोण गं?" मी हात जोडले, ताई. खरं सांगते, आधी माझे हात जोडले गेले. ह्यांनी मात्र रिक्षा आणली आणि आम्ही तिला दवाखान्यात नेलं.

डॉक्टरांनी शिरेतून ग्लुकोज दिलं आणि पोरगी डोळे उघडून म्हणाली, "मावशी, मला इथं का आणलं?" तेवढ्यात! नळीभर साखरेच्या पाण्यात देवी उतरली! डॉक्टर म्हणाले, साखरेची गोळी घेऊन माणूस उपाशी राहिलं की रक्तातली साखर खाली येते. मी विचारलं, घाम येतो? येतो. बडबडतं माणूस? बडबडतं, हातपाय झाडतं, घरच्यांना ओळखत नाही. मी एकेक विचारत गेले आणि ते हो म्हणत गेले. शेवटचं विचारायला माझी जीभ उचलेना. तेच म्हणाले, "वेळेवर आणलंत, नाहीतर गेली असती."

तिच्या पर्समध्ये बारीक व्हायच्या गोळ्या निघाल्या. सुलूआत्यानेच आणून दिलेल्या, लग्न जमावं म्हणून. डॉक्टर चिडले. ह्या गोळीने भूक मरते, म्हणजे साखर उतरताना पोट जी हाक मारतं तीच बंद होते, आणि वर छाती धडधडते ती वेगळीच. मी तिथल्या बाकावर बसून तोंडात पदर कोंबला. तुझं तोंड डोळ्यांपुढे आलं. सगळ्या गावासमोर माझी ताई उपाशी मरत होती, आणि गाव तिला नमस्कार करत होतं!

नंदाला मी नवरात्राचा उपास धरू नको म्हणून विनवलं. हसली. "मावशी, मी देवीची पोर. माज्या अंगात आली तर आयच येईल ना? मला तिला एकदा भेटायचंय." काय बोलू ह्याच्यावर? भावजींना सांगितलं तर म्हणाले, "तिची आय देवी झाली. ती आपल्या पोरीला मारंल काय?" गाव तर वाटच बघतंय. बायकांनी आतापासून ओटीची तयारी ठेवलीय.

काय करू, ताई? खरं सांगितलं तर त्या पोरीची आई मी दुसऱ्यांदा हिरावून घेणार. देवी झालेली आई जाऊन तिच्या हाती उरणार एक बाई, जिला कुणी घास दिला नाही. आणि नाही सांगितलं तर? त्याच ओट्याशेजारी दुसरा ओटा? तू काहीतरी बोल ना! एवढ्या बायका तुला प्रश्न विचारून गेल्या, माझ्या एकाच प्रश्नाला तुझ्याकडे उत्तर नाही?

नसू दे. मीच ठरवलंय. उद्या पहिल्या एसटीने कळंबला येतेय. घट बसायच्या आधी, भावजींच्या, सुलूवन्संच्या, साऱ्या गावाच्या तोंडावर सांगेन, की माझ्या बहिणीच्या अंगात काही आलं नव्हतं. तिचं अंग अन्न मागत होतं. ते मला पापी म्हणतील, वेशीबाहेर काढतील. नंदा तर माझं तोंड बघणार नाही, तिला मी ओळखते.

तुला शब्द देते, ताई. ती जन्मभर माझ्यावर रुसली तरी मी तिथून हलणार नाही. रुसू दे तिला. पण जेवून रुसू दे.

तुझी,
शालू