पहिल्या वर्षीचे गुण

सरावशिबिर,
रविवार, २८ जुलै २०१३

प्रिय आर्लीनताई,

तू आणि व्हर्न भावोजी ठीक असाल. नेब्रास्कात यंदा मका खांद्याला लागलाय असं ऐकलं. फोनच करणार होतो, पण नाताळापासून आपण बोललेलो नाही, आणि तू फोन उचलून गप्प बसलीस तर काय करायचं ते मला सुचेना. पत्रात निदान माझं पुरतं सांगून होतं.

फुटबॉलच्या शिबिराला चार दिवस झाले. पहिल्या दिवशी वजन. तुमच्या धान्यकोठाराच्या काट्यावर ट्रक चढतात तसे आम्ही रांगेनं चढतो. मी तीनशे बारा पौंड भरलो. ठरवून दिल्यापेक्षा तीन पौंड कमी, म्हणून स्वयंपाकघरातली बाई रोज माझ्या ताटात दोन अंडी जास्त वाढते आणि मी संपवेपर्यंत समोरून हलत नाही. सकाळी आठ अंडी, दुपारी अर्धी कोंबडी. खाणं हीसुद्धा नोकरीच आहे.

खोलीत माझ्याबरोबर टाविता आहे. सामोआचा पोरगा, चोवीस वर्षांचा, आमचा सेंटर, चेंडू मागं देऊन चाल सुरू करणारा. मैदानात तो मधोमध उभा राहतो, मी त्याच्या डाव्या हाताला. मला ‘दादा’ म्हणतो, खोडी काढायची असली की ‘म्हातारबा’. हे माझं नववं वर्ष. अडवणाऱ्यांच्या लाइनीत नऊ वर्षं म्हणजे पणजोबाच.

काम तेच. समोरच्या धटिंगणाला अडवायचं, म्हणजे मागं क्वार्टरबॅकला चेंडू फेकता येतो. नीट केलं तर कुणाला दिसत नाही. चुकलं तर लाउडस्पीकरवर नाव येतं.

शुक्रवारी एक गंमत झाली. घोळक्यात चाल सांगितली, मी मान डोलावली, सात पावलं चालून जागेवर जाऊन वाकलो, आणि डावीकडे वळायचं की उजवीकडे हेच डोक्यातून गेलं. डावीकडे वळलो. चाल उजवीकडची होती. समोरचा माणूस उघड्या दारातून जावं तसा आत गेला आणि आमचा क्वार्टरबॅक उताणा पडला. प्रशिक्षक ओरडले. मी म्हटलं, डोळ्यांवर ऊन आलं. आभाळ भरलेलं होतं, पण कुणी वर बघितलं नाही.

हो, डोक्याची परीक्षाही झाली. संगणकावर शब्द दाखवतात, आकृत्या दाखवतात आणि थोड्या वेळानं काय काय पाहिलं ते विचारतात. डॉक्टर म्हणाले, पहिल्या वर्षी होते तेवढेच गुण आहेत, इतक्या वर्षांत काडीचा फरक नाही. तुझ्या जिवाला घोर नको म्हणून मुद्दाम कळवतो.

नाताळात मी जरा घाईत निघालो. मनात ठेवू नकोस.

तुझा धाकटा,
लाइल


सरावशिबिर,
गुरुवार, ८ ऑगस्ट, सकाळ

ताई,

खसखस भरलेल्या गोड पावांचा, कोलाचींचा डबा पोचला. त्यातल्या अर्ध्या टावितानं खाल्ल्या. डब्यातली चिठ्ठीही मिळाली. तू लिहिलं आहेस, “गुण वाचून मी स्वयंपाकघरात बसून रडले. उगीच तुला नाही नाही ते बोलले, मला माफ कर.”

तू माफी मागायला नको होतीस. शिव्या घातल्या असत्यास तर मी हे पत्र लिहिलंच नसतं.

नाताळात काय झालं ते आता नीट लिहितो. आपण पत्ते खेळत होतो. हुकूम कोणता, असं मी विचारलं. तू सांगितलंस. थोड्या वेळानं पुन्हा विचारलं. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा तू पत्ते खाली ठेवलेस आणि म्हणालीस, “लाइल, पुरे झालं आता. फुटबॉल सोड.” मी पत्ते भिंतीवर भिरकावले. माझं नाव झालं ते तुला बघवत नाही, असंही बोललो. आई गेल्यावर जिनं मला वाढवलं तिला. आणि गाडी घेऊन निघालो.

पुढचं तुला माहीत नाही. रस्त्यात एका पेट्रोल पंपावर उतरलो. टाकी भरली, आत बसलो, आणि मला कळेना की मी तुझ्याकडे निघालोय की तुझ्याकडून. मागच्या सीटवर तू दिलेल्या भेटीचा फोडलेला कागद दिसला, तेव्हा कळलं की भेट होऊन गेली आहे. तेव्हापासून मी घाबरलेलो आहे. त्याला साडेसात महिने झाले. समोरचा माणूस कितीही आडदांड असला तरी मला कधी भीती वाटली नाही, पण आता रस्त्यात सिग्नलला गाडी थांबली तरी मी कुठं निघालोय ते मनात घोकत बसतो.

आता गुणांचं.

ही परीक्षा पहिल्या वर्षी घेतात आणि ते गुण जपून ठेवतात. पुढं डोक्याला मार बसला की पुन्हा घेतात आणि पहिल्या गुणांशी ताडून बघतात. कमी पडले तर मैदानाबाहेर. माझ्या पहिल्या वर्षी लाइनीत जेसप नावाचा जुना खेळाडू होता. परीक्षेच्या सकाळी त्यानं आम्हा नव्या पोरांना बाजूला घेऊन सांगितलं, “आज मठ्ठ व्हा रे. म्हणजे पुढची दहा वर्षं हुशार ठराल.” सगळ्यांनीच ते केलं. त्यात कुणाला काही वाईट वाटलं नाही. लाइनीत ही रीतच आहे, बोटांना चिकटपट्टी गुंडाळावी तशी. मला सगळे शब्द आठवत होते, मी निम्मे चुकीचे टिपले. आकृत्या उलट्या लावल्या. बाहेर येऊन आम्ही इतके हसलो की जेसपच्या डोळ्यांत पाणी आलं.

नंतर चार वेळा माझं डोकं सुन्न झालं. चारही वेळा परीक्षा दिली, चारही वेळा पास. झाकली मूठ सव्वा लाखाची.

यंदा त्यांनी सगळ्यांचीच परीक्षा पुन्हा घेतली. मी ठरवलं, या वेळी सोंग नाही. डॉक्टरांना नसलं कळायचं तरी मला कळावं, मी कुठं आहे ते. ताई, मी जीव तोडून दिली ती परीक्षा. प्रत्येक शब्द मनात तीन-तीनदा म्हटला. घामानं खुर्ची ओली झाली. आणि डॉक्टर बाहेर येऊन पाठीवर थाप मारून म्हणाले, “शाब्बास, अगदी पहिल्यासारखेच.”

त्या खोलीत मला एकट्यालाच कळलं की ते काय म्हणाले.

मी न्हाणीघरात जाऊन नळ सोडला आणि ते शब्द पुन्हा म्हणून पाहिले; निम्मेच आठवले.

शुक्रवारचं ते ऊनही खोटं होतं, हे तू ओळखलंच असशील. त्या दिवसापासून टाविता प्रत्येक चालीच्या आधी, वाकता वाकता, मला हळूच सांगतो: दादा, उजवीकडे. दादा, दुसऱ्या हाकेला निघायचं. मी त्याला सांगायला कधी सांगितलं नव्हतं. काल खोलीत मी त्याला विचारलं, हे तू का करतोस? तो मोजे काढत होता. त्यानं वर पाहिलं नाही. म्हणाला, “मी नवा होतो तेव्हा तुम्ही मला सांगायचात. आता मी सांगतो. कुणाला कळणार नाही, दादा.”

पोरगा प्रेमानं बोलला. आणि मला ते पटलं. चालेल, असंच वाटलं. अजून एक वर्ष निघेल, टाविता आहे ना. परवा शनिवारी हंगामाआधीचा पहिला सामना आहे आणि मला खेळायचंय, ताई. अजूनही. तिथं वाकून उभा राहिलो की मला माझं नाव, गाव, वय, सगळं पक्कं वाटतं. मग समोरचा येऊन डोक्यावर आदळतो आणि त्यातलं काहीतरी घेऊन जातो. सामन्यात साठ-सत्तर वेळा.

मी डॉक्टरांच्या दारापर्यंत दोनदा जाऊन आलो. पहिल्यांदा गुडघ्याला लावायचं मलम मागून घेतलं. दुसऱ्यांदाही मलमच मागितलं. ते म्हणाले, काल तर नेलंस. मी हसलो. मला हसून वेळ मारून नेणं छान जमतं, इतकं छान की माझं मलाच नवल वाटतं. म्हणून तुला फोन करत नाही. तू काळजीनं दोन प्रश्न विचारले असतेस आणि मी तुला हसवून फोन ठेवला असता.

डॉक्टरांचा नंबर मागच्या पानावर लिहिलाय. हे पत्र कुरियरनं उद्या सकाळी तुझ्या हातात पडेल. त्यांना फोन कर. पहिल्या वर्षीचे गुण खोटे होते आणि यंदाचे खरे आहेत, एवढंच सांग. ते हुशार आहेत, पुढचं त्यांना कळेल. जेसपचं आणि टाविताचं नाव घेऊ नकोस. आधी मला विचारू नकोस, मी नको म्हणेन.

त्यानंतर मी तुला फोन करीन. फार वाईट बोलेन, नाताळात बोललो त्याहून वाईट. म्हणेन, ते पत्र थट्टेनं लिहिलं होतं. म्हणेन, तू माझं आयुष्य मोडलंस. माझा आवाज ऐकून तुला ते खरंही वाटेल. तरी डगमगू नकोस. भावोजींना गाडी काढायला सांग आणि मला न्यायला या.

मला फार भीती वाटते, ताई. खेळ सुटण्याची वाटते, आणि न सुटण्याची त्याहून वाटते. मी एकतीस वर्षांचा आहे.

पुढं कधीतरी, तुझ्या घरी, तुझ्यासमोर बसून मी विचारीन, “त्या डॉक्टरांना कुणी सांगितलं गं?” तेव्हा मला खरं सांग. लाइलनं सांगितलं, म्हणावं. त्याचं त्यानं, स्वतःहून.

तुझाच,
लाइल