विझलेल्या दिव्याची ओळ

मी, गुरुदास अनंत आजगावकर, वय बावन्न, एके काळचा संस्कृतचा मास्तर, हल्ली मुंबईच्या एका साप्ताहिकाचा मालवणचा बातमीदार, शुद्धीवर असताना, कोणाच्या दडपणाशिवाय (पत्नी माहेरी आहे) हे मृत्युपत्र लिहितो.

प्रथम तक्रार. माझी बातमी असलेला अंक मी वाचण्याआधी वाणी त्यात सुके बोंबील बांधतो. बोंबलांनाही ती पुरी मिळत नाही, हे वेगळे.

घर व शिल्लक पत्नी नर्मदा हिला. सायकल मेहुण्याला; ब्रेक नाहीत, हे त्याला आधी सांगावे.

अडकित्ता संपादकांना. यापुढे त्यांनी सुपारी कातरावी. बाबली नावाड्याची होडी काळोखात खडकावर आपटून एक बाई बुडाली, तेव्हा मी लिहिले होते की खाडीच्या तोंडावरचा दिवा आठवडाभर बंद होता. जागेअभावी तेवढीच ओळ कातरली गेली. तिथे केशतेलाची जाहिरात आली. संस्कृतात गाळलेला शब्द अध्याहृत धरतात. वाचकांनी इथे नावाड्याचा हलगर्जीपणा धरला. बाबलीच्या होडीत आता कोणी बसत नाही.

परसातल्या माडांचे नारळ दरसाल ग्रामदेवतेला. अट एकच: जत्रेत देवापुढे घालायच्या गाऱ्हाण्यात गावकरांनी म्हणावे, "दिवो बंद होतो, बाबलीन होडी बरोबर हाकल्यान, रे महाराजा!" आणि सगळ्या गावाने "व्हय महाराजा!" म्हणावे.

गाऱ्हाणे घालणारे भाई गावकर आधी बिथरले. "मास्तरानू, देवाक दिव्याचा कित्याक सांगूचा? देव काय बंदरावरचो सायब आसा?"

"सायब नाय म्हणानच सांगूचा. तो कातरणा नाय."

भाई हसले आणि कबूल झाले.

माझ्या निधनाची बातमी साप्ताहिकाला कळवू नये. उरलेल्या जागेत तेल खपेल.

गाऱ्हाण्यासाठी मात्र मी मरेपर्यंत थांबायचे नाही. येत्या जत्रेपासूनच सुरू व्हावे. कारण परवा धक्क्यावर बाबली मला म्हणाला, "मास्तरानू, छापून इला म्हणजे माझीच चूक आसतली." दिवा विझलेला त्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला होता. आता त्याला तो पेटलेला आठवू लागला आहे. मला काळजी आहे ती याचीच.

साक्षीदार: वॉल्टर फर्नांडिस (शिक्षक), भाई गावकर
सही: गु. अ. आजगावकर
मालवण, जिल्हा रत्नागिरी, ९ ऑक्टोबर १९६१