शंभर टक्के चार्ज

सोमवार, २७ ऑक्टोबर

साडूनं परस्पर बुकिंग करून टाकलं. पाच दिवस डोंगरात पायी. रस्ता नाही, वीज नाही, आणि वर म्हणतो मजा येईल. दातांचा डॉक्टर आहे. समोरच्याचे हाल होत असताना हसत बोलायची सवयच लागलीय त्याला.

मी नाही म्हणणार होतो. पण बायकोनं आजच सांगितलं की लेक रविवारी फोन करणार आहे. आठ महिन्यांनी! बायको म्हणाली, मग नका जाऊ. मी म्हटलं, मी कोणाच्या फोनसाठी घरात बसून राहणारा माणूस नाही. त्यामुळे आता जाणं आलं.

पक्की नोकरी सोडून मैत्रिणीबरोबर केकचं दुकान काढणाऱ्या मुलीला बाप काय शाबासकी देणार? माझ्या परवानगीशिवाय या घरात पाय ठेवायचा नाही, एवढंच म्हणालो. रागात म्हणालो. रागातलं बोलणं कोणी असं शब्दशः धरून बसतं का? हिनं धरलं. इतकी हट्टी कोणावर गेलीय कोण जाणे.

निश्चय: रविवारी माझा फोन चालू असणार. तिच्यासाठी नाही. सेफ्टी म्हणून.

मंगळवार, २८ ऑक्टोबर

उभी हयात वीज खात्याच्या कंट्रोल रूममध्ये गेली. कोणत्या भागाची वीज कधी घालवायची हे मी ठरवायचो. लोक शिव्या द्यायचे, पण ग्रिड कधी कोसळू दिलं नाही. एक फोन जिवंत ठेवायला मला काय लागतंय?

पाठीवर बांधायचं सोलर पॅनल घेतलं. विटेएवढी पॉवर बँक घेतली. दुकानदार काहीतरी समजावायला लागला. त्याला म्हटलं, वीज मला शिकवू नका.

लोडशेडिंगचं टाइमटेबल केलं. अ गट, माझा फोन. ब गट, टॉर्च. क गट, साडू.

बायकोनं विचारलं, तुम्हीच का नाही तिला फोन करत? काही प्रश्नांना उत्तर द्यायचं नसतं.

गुरुवार, ३० ऑक्टोबर

चालायला सुरुवात. मी, साडू आणि वाटाड्या. वाटाड्या आमच्याच वयाचा. चढावरसुद्धा तोंड बंद नाही, आणि ते दमलं की कमरेचा स्पीकर लावून गाणी.

सकाळभर ऊन समोरून. पॅनल पाठीवर. चार्जिंग शून्य. साडू म्हणाला, उलटं चाल. त्याची थट्टा चालली होती, पण तांत्रिकदृष्ट्या मुद्दा बरोबर होता. म्हणून चाललो. चार्जिंगचा हिरवा दिवा लागला. लागला म्हणजे लागला, साडूनं स्वतः पाहिलाय. तेवढ्यात मागे ओढा आला.

पॅनलला तडा. माझ्या कमरेलाही. चूक ओढ्याची नव्हे, वाटाड्याची. ओढा आहे हे सांगायचं काम कोणाचं?

शुक्रवार, ३१ ऑक्टोबर

साडू दिसेल त्याचे फोटो काढतो. दगडाचे फोटो! दुपारी त्याचा फोन झोपला आणि आला हात पसरून. क गटाला रविवारनंतर, असं सांगितलं. तर म्हणाला, बरं झालं, सुटलो. आणि शीळ घालत पक्षी बघत बसला. माणसाला चिडतासुद्धा येत नाही.

माझा फोन पूर्ण बंद. फक्त बॅटरी किती आहे ते बघायला चालू करतो. चौऱ्याऐंशी होती. खात्री करायला परत बघितलं. ब्याऐंशी. हे कसं झालं म्हणून परत बघितलं. ऐंशी! बसल्या जागी कोणीतरी बॅटरी खातंय. कंपनीला खरमरीत पत्र लिहिणार.

थंडीनं बॅटरी उतरते, म्हणून फोन पायमोज्यात घालून बनियनच्या आत ठेवला. साडू म्हणाला, स्वतःच्या पोरीलासुद्धा एवढं जपलं नाहीस कधी.

डोकंच फिरलं. त्याच्याशी बोलणं बंद.

शनिवार, १ नोव्हेंबर

दरोडा. दुसरा शब्द नाही. सकाळी पॉवर बँक उचलली तर तिला वाटाड्याचा स्पीकर लटकलेला. रात्रभर! वीट रिकामी. आणि हा गृहस्थ म्हणतो, साहेब, तुम्ही वापरतच नव्हता, म्हटलं पडून कशाला राहावी.

वापरत नव्हतो? राखून ठेवली होती! राखून ठेवणं आणि न वापरणं यात फरक आहे. तो त्याला समजावत बसलो, तोवर दोघं पुढे निघून गेले.

फोन एकोणचाळीसवर. आता बघणंही बंद. उद्या दुपारी खिंडीतल्या झोपडीवर पोचू. तिथे रेंज आहे आणि सोलरवर चालणारा एक प्लग आहे, असं वाटाड्या म्हणतो. दरोडेखोराच्या शब्दावर विसंबायची वेळ आली.

रविवार, २ नोव्हेंबर

सगळ्यांच्या आधी पोचलो. कंबर धरून, पण आधी. प्लग आहे. लगेच फोन लावला. अर्थात बंद करून. चालू फोन चार्जिंगला लावणं म्हणजे गळकी बादली नळाखाली धरणं. एकदा काय तो शंभर टक्के करायचा, मग चालू करायचा.

साडू आला. म्हणाला, दहा मिनिटं माझा लाव, बायकोला पोचल्याचं कळवतो. नाही म्हटलं. मग म्हणाला, निदान तुझा तरी चालू कर. तेही नाही म्हटलं. चार दिवसांत पहिल्यांदा चिडला. म्हणाला, अरे, फोन बोलायला असतो. मी म्हटलं, चार्ज असेल तर.

ऊन उतरणीला लागलं तेव्हा शंभर झाले. शंभर! पॅनल फुटलं, पॉवर बँक लुटली, तरी शंभर. झोपडीमागच्या खडकावर रेंज येते, तिथे जाऊन बसलो. फोन चालू केला. इंटरनेट तेवढं बंद ठेवलं, ते फार बॅटरी खातं. ज्याला खरंच बोलायचंय तो साधा फोन करतो.

नाही आला.

अंधार पडेपर्यंत बसलो. साडू दोनदा बोलवायला आला. जेवायला नको म्हटलं.

संताप येतो. रविवारी करते म्हणाली होती ना? दिला शब्द पाळायचा नाही, आणि बापानं मात्र ओढ्यात पडायचं, थंडीत फोन पोटाशी धरून झोपायचं. एकदा वाटलं, आपणच करावा. तिच्या नावावर बोटही नेलं होतं. पण करणार तर ती होती. आणि स्क्रीन उगाच पेटती ठेवली की बॅटरी जाते. ठेवून दिला.

सोमवार, ३ नोव्हेंबर, दुपार

घरी. दारातच बायकोला सांगितलं, एक्क्याण्णव टक्के बॅटरी शिल्लक घेऊन आलोय. तिनं आत बोट दाखवलं. जेवणाच्या टेबलावर केकचा बॉक्स, दोरी बांधलेला, तसाच. मग म्हणाली, इंटरनेट चालू करा.

केलं. फोन थरथरायचा थांबेना.

सगळं कालचं, दुपारचं. बाबा, खाली गेटपाशी उभी आहे, वर येऊ का? मग, बाबा, फोन बंद आहे का? मग, आई वर चल म्हणतेय, पण तुम्ही हो म्हणा, मग येते. मग नुसतंच, बाबा? शेवटचा संध्याकाळचा. पाच टक्के राहिलंय. निघते. कळलं मला.

बायको म्हणाली, जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसून होती. पायरीच्या वर आली नाही. दोनदा चहा नेऊन दिला. साडूच्या फोनवरही किती वेळा लावून बघितलं, तोही बंद.

तो क गट होता, असं मी सांगितलं. बायको आत निघून गेली.

लगेच फोन लावला. लेकीचा स्विच्ड ऑफ. पाच टक्क्यांवर घराबाहेर राहतं का कोणी? लहानपणापासून हेच. सांगून सांगून थकलो. बोलावं तरी कसं माणसानं?

काल घरी गेल्यावर चार्जिंगला लावायचा विसरली असणार. परत लावला. बंद.

चार वाजता. बंद.

माझा अठ्ठ्याऐंशी आहे. चार्जरला लावूनच बसलोय, चालू ठेवून. ती लावेल आता चार्जिंगला. आठवण झाली की लावेल.