मंजूच्या जिभेले वेखंड

प्रिय प्रतीक्षा,

पत्र पाहून घाबरू नको, कोणी मेलं नाही. पोस्टात अजून पाकीट मिळते आणि चौथी शिकलेल्या बाईले लिहिता येते, एवढंच. मिरची तोडून आत्ताच आली, कंबर बसली आहे, तरी लिहून राह्यली. मागच्या वेळी तू म्हणाली, आई, आता नातीशी, मंजूशी, फोनवर बोलणं काही महिने बंद. शाळेची फ्रेंच, घरातली इंग्रजी, त्यात तुझी वऱ्हाडी अजून कुठं कोंबू तिच्या डोक्यात? मी बरं म्हणून फोन ठेवला. भांडायचा जीव नव्हता राह्यला. पण रविवार आला की हात पदराले पुसून फोनजवळ बसतेच. तुझे बाबा म्हणतात, काय पाहून राह्यली त्याच्याकडे, पिल्लू देणार आहे का तो? हसूही येत नाही आता.

तू सांगितलं ते सारं ध्यानात आहे. माँट्रियलच्या शाळेत पोरी तिले इंग्रजीवाली म्हणतात. खाली खेळाले गेली की इंग्रजी लेकरं फ्रेंचवाली म्हणून बाजूले करतात. बाईनं विचारलं, तुझी स्वतःची भाषा कोणती, तर पोरगी खाली पाहत राह्यली अन् तवापासून वर्गात तोंड उघडत नाही. तुले वाटते ओझं जास्त झालं. ओझं काय असते ते मले विचार. जावई कुलदीपराव पंजाबकडले, तू इकडली, म्हणून घरात इंग्रजी आली. ते मी समजू शकते. पण एक भाषा कमी केली की पोरगी बोलन, हे कोणत्या शहाण्यानं सांगितलं तुले?

उन्हाळ्यात इथं अमडापूरले आणली तवाही ती अशीच गप होती. मले वाटलं जीभ जड आहे. आपल्याकडे लेकरू बोलत नसलं तर वेखंड उगाळून जिभेले लावतात. तुलेही लावलं होतं, त्याचं फळ आजवर ऐकून राह्यली. तू बाजारात गेली तशी मी सहाणेवर उगाळलं अन् तिच्या जिभेवर बोट फिरवलं. आठ वर्षांची घोडी, थुंकत अंगणभर पळाली अन् मले जे काही बोलली, माय माय! अर्धं नाकातून, अर्धं दातातून, दोन्ही भाषा एका दमात. कोंबड्या उडाल्या. अक्षर समजलं नाही, पण शिव्याच असतीन, अन् माहा जीव थंड झाला. पोरीची जीभ जड नव्हतीच. तू आल्यावर केवढी ओरडली, इन्फेक्शन, अडाणीपणा! ओरड बापा.

मग ती गप काऊन होती? संध्याकाळी शंकरराव, सिंधूताई, सारी आळी चहाले जमायची अन् तू तिले मधात उभी करायची. मंजू, फ्रेंच बोलून दाखव. आता इंग्रजी. लोक हसायचे, पोरगी लाल व्हायची. माकडवाला बरा, तो माकडाले शेंगदाणा तरी देते. माह्यासंगं वावरात भेंडी तोडताना कोणी काही विचारत नव्हतं, तवा बोलायची की. भेंड्या मोजायची इंग्रजीत, बकरीवर चिडली की फ्रेंच, अन् मिरचीचा हात डोळ्याले लागला तवा, आजी, आग, आग! सारं तिचंच, कुठून उसनं नाही आणलं.

मले हे कसं समजते? माहं लहानपण देऊळघाटले गेलं. भिंतीले भिंत लागून अजीजुन्निसा खालाचं घर. सकाळची भाकर माह्या मायकडे, दुपारचं सालन खालाकडे. इकडे वऱ्हाडी, तिकडे उर्दू, मधात उंबरठाही नव्हता. लग्न होऊन इथं आली अन् तुझी आजी अन्नपूर्णाबाई बायका जमल्या की म्हणायची, ए देऊळघाटवाली, ती उर्दू बोलून दाखव. बायका पदरात हसायच्या. माहेरी गेली तर खालाच्या सुना म्हणायच्या, आता तुझा लहजा बिघडला. मी हो-नाहीच्या पुढं बोलणंच सोडलं. मुकी सून म्हणत मले. वेखंडाची गरज नव्हती, तमाशा न करता कोणी जवळ बसाले पाहिजे होतं. आजही भांडण मले उर्दूतच जमते अन् रडू वऱ्हाडीत येते. त्यातली माही कोणती, ते कोणी विचारू नये.

आता हे पत्र काऊन, ते ऐक. फोन बंद केला, मी मानलं. पत्राचं तू काही म्हणाली नव्हती. मंजूले हे वाचता येत नाही, तुलेच वाचून दाखवा लागन. इंग्रजी करून सांगू नको. जसं लिहिलं तसं, मोठ्यानं. तू पुण्याले कॉलेजले गेली अन् आपलं मले-तुले बोलणं तिकडेच टाकून आली. माह्याशीसुद्धा मला-तुला करते. कोण हसलं होतं तुले, मी कधी विचारलं नाही, तू सांगितलं नाही. लेकीले कळू दे, तिच्या मायच्या तोंडातही दुसरी एक बोली आहे, गप बसलेली. ती हसली तर हसू दे. मधातच अडली तर पाणी पी अन् पुढचं वाच.

तुझीच आई,
अन् हे मोठ्यानं वाच: मंजू, तुझी आजी.