खिशावरचा बॅज

पप्पा, रिटायर झाल्यावरही तुमचा हात शर्टाच्या खिशाकडे जायचा. दारात चपला घालताना खिसा चाचपायचात आणि मग स्वतःशीच हसायचात. मुंबईच्या सरकारी हॉस्पिटलात एक्स-रे काढण्यात तुमची सगळी नोकरी गेली. अंगावर किती किरणं पडतात ते मोजणारा छोटा बॅज ड्युटीभर खिशाला असायचा. मी मात्र लहानपणी तो कधी पाहिला नाही, कारण निघताना तुम्ही तो तिथल्या खुंटीला अडकवून यायचात. मी दाखवा म्हणून हट्ट केला की म्हणायचात, "बॅज घरी आणायचा नसतो."

पुढे मीही एक्स-रेचाच डिप्लोमा केला. सरकारी जागेला डिप्लोमा, नोंदणी, वयाची अट, परीक्षा, आणि हे सगळं जागा निघेल तेव्हा. भाईंदर पूर्वेला स्टेशनजवळच्या प्रायव्हेट एक्स-रे सेंटरमध्ये डॉक्टरांनी माझं सर्टिफिकेट उघडूनसुद्धा पाहिलं नाही. "संडे को आ सकती है ना? फिर कल से आ जा." पगार तुमच्या पेन्शनपेक्षाही कमी होता आणि वाढ त्यांच्या मूडवर. तरी पहिल्या पगारात तुम्हाला शर्ट आणला. तुम्ही तो लगेच घातलात, खिसा चाचपलात आणि विचारलंत, "तुझा बॅज कुठाय?"

मी म्हटलं, तिथे नाही देत. दुसऱ्या दिवशी डबा द्यायच्या निमित्ताने तुम्ही सेंटरवर हजर. माझ्याबरोबर काम करणारे, ज्यांना सगळे भाऊ म्हणायचे, ते आधी तिथेच शिपाई होते, मशीन बघून बघून शिकलेले. त्यांना तुम्ही बॅजचं विचारलंत. "काका, इथे पगार वेळेवर झाला तर आम्ही पेढे वाटतो. बॅज कसला मागताय!" तुम्हीही हसलात. पण संध्याकाळी स्वयंपाकघरात गवार मोडताना माझ्याकडे न बघता बोलायला लागलात. "सरकारीत माणूस लागायला वर्षं जातात, प्रायव्हेटमध्ये काढायला एक फोन पुरतो. तेही सोड. पगार कमी-जास्त होतो गं. तुझ्या अंगावर काय पडतंय ते कुणी मोजतंय का, एवढं बघ." मी चिडले. "अहो पप्पा, जागा तर निघू दे आधी!" तुम्ही गवारीच्या शिरा काढत राहिलात.

मग तुमचा खोकला थांबेना. जिन्यावर दम लागायला लागला, मुंबईपर्यंत जाणं होईना, म्हणून मी तुम्हाला सेंटरवरच आणलं. तुम्ही स्टँडला छाती टेकवून उभे आहात. हनुवटी वर, कोपर पुढे, मी काही सांगायच्या आधीच. मी आडोशामागून म्हणते, "श्वास घ्या. धरून ठेवा." जन्मभर तुम्ही दुसऱ्यांना सांगितलेलं वाक्य. डार्करूममध्ये फिल्म धुताना मला फुफ्फुसातली गाठ दिसते. बाहेर येते तर तुम्ही हात पुढे करून उभे. ओली फिल्म खिडकीच्या उजेडात धरून बराच वेळ बघता. मग म्हणता, "पोझिशन छान घेतलीस." आणि फिल्म माझ्या हातात देताना, हळूच, "आता तू इथून निघ."

तुम्हाला तुमच्याच हॉस्पिटलात ठेवलं. मी रजा मागितली तर डॉक्टर म्हणाले, "तेरी जगह किसको बिठाऊँ?" दिवसा तुमचे जुने सोबती आळीपाळीने रजा टाकून तुमच्याजवळ बसत. मी काम संपवून यायचे. हे किरणांमुळे झालं का, असं त्यांच्यातल्या एकाला मी विचारलं, तेव्हा कळलं की तुमच्या बॅजच्या रिपोर्टात किरणं कायम मर्यादेतच होती. म्हणजे दोष तरी कुणाला द्यायचा. तुम्ही गेलात त्या दुपारी मी कुणाच्या तरी गुडघ्याचा एक्स-रे काढत होते.

पुढे मी सरकारीत लागले पप्पा, पण कंत्राटावर. अकरा महिने झाले की नवा करार. शेजारी बसणाऱ्या, कायम नोकरीतल्या बाई माझ्याइतकंच काम करतात आणि माझ्या कितीतरी पट पगार घेतात. वाईट नाहीत त्या, डब्यातली भाजी आधी मला वाढतात. कायम जागेसाठीचं माझं वय मात्र आता उलटून गेलं. पण बॅज पहिल्याच आठवड्यात मिळाला होता. तो खिशाला लावताना तुम्हाला सांगावंसं वाटलं, आणि सांगायला कुणी नव्हतं.

हा करारही संपत आलाय. या वेळी पुढचा निघेल की नाही, साहेबांनाही माहीत नाही. नाही निघाला तर बॅज परत द्यावा लागेल. तुमचा तो शर्ट अजून कपाटात आहे. आज ड्युटी संपल्यावर मी बॅज खुंटीला लावला नाही, घरी आणला आणि शर्टाच्या खिशाला लावून ठेवला. उद्या परत नेईन.