पूर्णेच्या लोंढ्यावर सांगड

ज्येष्ठ व. ३
आज मळ्याच्या विहिरीत उतरले. या वयात. फळीला दोन्ही अंगांनी वाळके भोपळे बांधले की झाली सांगड. तिच्यावर पालथं पडायचं, पायांनी पाणी मारायचं. भोई लोक पुरात अशीच नदी उतरतात. गोमाजीभाऊ भोई काठावर बसून सांगत होता. पडले, उलटले, नाकातोंडात पाणी. लेक म्हणतो, "माय, भाजी इकाची सोडून हे काय मांडलं?"
पुन्हा फळीवर पालथी पडले.

ज्येष्ठ व. ६
माझ्या पोरीला, चंद्रीला, सातवा महिना सरला. तिच्या सासूचा निरोप, "बाळंतपणाले माहेरी कावून पाठवावं? आमच्या घरी का बाया नाही?" पोरीचं सासर पल्याड, पूर्णेच्या त्या काठाला. गेल्या श्रावणात तिचं लेकरू पायाळू आलं. मी या काठावर गाठोडं घेऊन बसलेली, पुरामुळे नदी उतरायचा डोंगा बंद. गावातली निम्मी पोरं माझ्या हातावर आली, आणि माझ्याच लेकीच्या वेळी... पाणी उतरल्यावर गेले, तर घरात सगळं आवरलेलं, लेकरू मातीत.
पुलाचं नागपूरचं सरकार लिहून घेऊन गेलं. अजून लिहूनच राहिलं असेल.

आषाढ शु. २
नदीच्या डोहात. पाय बुडतात. का, ते आज कळलं. गो. भाऊ म्हणाला, "वयनी, डोक्यावरची टोपली उतरवा."
टोपली कुठली?
"मान पाहा आपली."
खरंच. जन्मभर भाजी वाहिली, पाण्यातही मान ताठ, हनुवटी वर. मान वर की पाय खाली. गाल फळीला टेकवला तशी पाठ हलकी झाली.
धुणं धुणाऱ्या बाया हसतात. सरू म्हणते, "बुढे, लंकेले जातं काय?" म्हटलं, तुया सुनेच्या वेळी बोलाव, मंग सांगतो. खाली बघून धुणं आपटायला लागली.

आषाढ शु. १३
गढूळ पाणी आलं. आज धारेत. समोरच्या काठावर नजर धरून सरळ पाय मारत राहिले. दम संपला, काठ तिथंच. गो. भाऊ मागून, "तिच्यासंगं भांडू नका. ती जाते तिकडं चाला अन् हळूच काठाकडं सरका."
तसं केलं. मागून लोंढा आला, त्यानं फळी उचलली, आणि पाय न मारता मी गेले. वाऱ्यावर घार जाते तशी. तोंडावर हसू. काठाला लागले आणि रडू फुटलं. एवढंच होतं का ते पाणी, असं वाटलं.

आषाढ व. ८
पल्याड टेकले. गुडघाभर चिखल. चंद्रीकडे गेले नाही, ओल्या लुगड्यानं विहिणीच्या दारात कशी जाऊ. परतताना खांदे भरून आले. गो. भाऊ खुश नाही. "हे पाणी काहीच नाही, वयनी. पुरात आलो असं समजू नका."

श्रावण शु. ९
रात्रीच पाणी चढलं. सकाळी पल्याड जावई उभा, धोतराचा सोगा हलवून राहिला. आवाज पोचत नाही. पोचायची गरजही नाही.
गो. भाऊ पाण्याकडे बघत होता. "झाडं वाहून येऊन राहिली. दुपारून पाहू."
म्हटलं, पोरीजवळ दुपार आहे का, भाऊ?
त्यानं डोक्याचा पटका सोडून कमरेला बांधला. मग, "मी संगं येतो. पण फळी हातची सुटली तर तुमाले धरणं मले होणार नाही. सांगून ठेवतो."
भोपळ्यांच्या गाठी आवळायला तो गेला आहे. तेवढ्यात हे लिहिते. जुनं लुगडं नेसले, कासोटा घट्ट मारला. बाळंतपणाचं गाठोडं मेणकापडात बांधून पाठीला.
लेक दारात उभा आहे. वाट अडवत नाही, बाजूलाही होत नाही. माझं लिहिणं संपायची वाट पाहतो की माझं मन फिरायची, विचारलं नाही.